टोप कुणी खरवडला?

लेकीच्या लग्नाला आठवडा उरला असताना दत्ता आपल्याच घराच्या मागे, मोटारसायकल आणि सरपण यांच्यामधल्या बोळकांडीत, बासुंदीचा रिकामा टोप मांडीवर घेऊन चोरासारखा बसला होता. रिकामा म्हणायचा तो अडाण्यांनी. बासुंदीचा खरा जीव टोपाच्या बुडाला चिकटलेला असतो, हे दत्ताला कळायला लागल्यापासून ठाऊक होतं. तो जीव सोडवण्यासाठी त्याच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक शिंपला असे. चमच्यानं खरवड ओरबाडली जाते, शिंपल्यानं ती अलगद सुटून येते, असं त्याचं ठाम मत होतं. बायको रोहिणीनं एकदा विचारलं, तेव्हा शिंपला टाचांच्या भेगा घासायला आणलाय असं त्यानं ठोकून दिलं होतं.

लपून खाण्याला कारण होतं. दत्ताला साखर होती. डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं आणि डॉक्टरांपेक्षा जास्त ते रोहिणीनं बंद केलं होतं. श्रद्धाच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक लेकीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी रोहिणीनं दत्ताला देवासमोर उभं केलं आणि श्रद्धाच्या डोक्यावर हात ठेवून गोड न खाण्याची शपथ घ्यायला लावली. बिचारा साखरपुड्यात पेढ्यांच्या ताटासमोर काळा चहा पीत बसला होता. शेवटी श्रद्धालाच दया आली. "पप्पा, शपथ गोडाची हाय. खरवड कोण गोडात धरतं?" असं म्हणून तिनं वाट काढून दिली. तेव्हापासून खिरीचा, बासुंदीचा, झालंच तर दुधाचा टोप घासायला म्हणून ती मागल्या दारानं बाहेर न्यायची आणि थोड्या वेळानं चकचकीत करून आत आणायची.

टोप इतका चकचकीत बघून रोहिणी दर वेळी एकच बोलायची, "खाल्लीस ना खरवड? पड म्हणावं पाऊस लग्नात! मग रड बोंबलत!"

"खाल्ली थोडीशी," श्रद्धा म्हणायची. खरवड बापानं खायची, बोलणी लेकीनं खायची, असं छान चाललं होतं.

रोहिणीचं ते नुसतं बोलणं नव्हतं. तिच्या स्वतःच्या लग्नात, ऐन वैशाखात, असा पाऊस झाला होता की मंडप वऱ्हाडाच्या डोक्यावर बसला आणि भाताच्या टोपात पन्हळीचं पाणी पडलं. सासूनं उंबरठ्यावरच निकाल दिला. सून खरवडखाऊ आहे! लग्नाआधी जो टोप खरवडून खातो त्याच्या लग्नात पाऊस पडतो, हे तर शेंबड्या पोरालाही माहीत. पुढं म्हातारी मरेपर्यंत रोहिणीला ते ऐकावं लागलं. स्वयंपाकघरात भांडं वाजलं की बाहेरून आवाज यायचा, "कोण गं ते? खरवडखाऊ काय?" म्हातारी गेली तरी तो शब्द रोहिणीच्या मनातून गेला नव्हता.

तर त्या दिवशी केळवणासाठी रोहिणीचा मोठा भाऊ विलास कर्जतहून आला होता. विलासमामानं जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं आणि आता निवृत्त झाला होता. शाळा सुटली, पण शिकवणं काही सुटलं नव्हतं. लग्नासाठी म्हणून त्यानं मोबाईलवर दोन्हीकडच्या नातेवाइकांचा एक ग्रुप काढला होता आणि त्यावर रोज सकाळी तो 'आजचा शब्द' टाकायचा. एक इंग्रजी शब्द, त्याचा अर्थ, त्याचा उगम आणि वाक्यात उपयोग. लोक न वाचताच हात जोडल्याचं चित्र टाकून मोकळे व्हायचे. मामाला वाटायचं, समाज जागा होतोय.

जेवून पानाला चुना लावता लावता मामानं श्रद्धाला टोप घेऊन मागल्या दारानं जाताना पाहिलं. तेवढं त्याला पुरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर शब्द पडला:

'आजचा शब्द: स्क्रेप. अर्थ: खरवडणे. उगम: उत्तरेकडील जुन्या दर्यावर्दी लोकांची भाषा, तेथून इंग्रजांनी उचलला. वाक्यात उपयोग: आमची श्रद्धा बासुंदीचा टोप फार छान स्क्रेप करते.'

त्या दिवशी नेमकं एका बाईनं ते शेवटपर्यंत वाचलं. ती बाई म्हणजे आनंदीबाई, नवऱ्या मुलाची, साईराजची आई.

रोहिणी तांदूळ निवडत होती. फोन वाजला तो कोंडाण्याहून, व्याह्यांच्या गावाहून.

"इनबाय, ग्रुपवरचं वाचलं मी."

"काय वो?"

"टोपाचं. तुमची पोरगी टोप खरवडती, हे आमाला आधी सांगायला नको?"

रोहिणीच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "पोरगी हाय, खाल्ली आसंल येकदा..."

"येकदा नाय. 'फार छान' लिवलंय. म्हंजे सवय हाय. आवो, लग्न उघड्यावर, तुमच्या अंगनात! आमच्या घरातलं येक लग्न आजवर भिजलेलं नाय. मला वाटतंय तुमी हॉल बघावा."

रोहिणीनं फोन ठेवला आणि घर डोक्यावर घेतलं. "श्रद्धे! किती येळा सांगितलं व्हतं गं तुला! आता सासरी पाय ठेवायच्या आधी नाव पडलं ना? माजं झालं तसंच तुजं होनार!" श्रद्धानं बापाकडं पाहिलं. बापानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. घड्याळ बंद होतं, तरी तो बराच वेळ बघत राहिला.

एका वाक्याचं काम होतं. 'ती नाय, मी खाल्ली,' बस्स. पण त्या वाक्यापाठोपाठ साखर येणार होती, शपथ येणार होती, आणि तीही लेकीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली. दत्तानं ते वाक्य गिळलं आणि चपला घातल्या. "हॉल बघून येतो," म्हणाला आणि मोटारसायकलला किक मारली.

वैशाखात हॉल मिळणं म्हणजे गाढवाच्या डोक्यावर शिंग शोधणं. खोपोलीत सगळे गेलेले. शिळफाट्यावर एकानं "दिवाळीनंतर या" म्हणून सांगितलं. कर्जतला एक होता, पण त्यात एकाच दिवशी तीन लग्नं लावायची होती आणि मॅनेजर चौथं घ्यायला तयार होता. दत्ता परत आला तेव्हा त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. बसला की उठायचा, उठला की अंगणात जाऊन आभाळाकडं बघायचा. जेवताना घास हातात धरून तो म्हणाला, "वारा पडलाय गं आज." रोहिणी म्हणाली, "जेवा गप." रात्री कुशीवर वळला की शिंपला टोचायचा, कारण तो आता खिशातून काढून कुठं ठेवायचीसुद्धा त्याला भीती वाटत होती. मांजर डोळे मिटून दूध पितं खरं, पण हे मांजर डोळे मिटूनसुद्धा झोपू शकत नव्हतं.

सकाळी रोहिणीनं भावाला कर्जतला फोन करून झापलं. "दादा, तू घातलास हा घोळ. तूच निस्तर."

"काळजी करू नको. एका शब्दाचे पुष्कळ अर्थ असतात. बाकीचे अर्थ टाकतो, लोक पहिला विसरून जातील," मामा म्हणाला. त्याला वाटलं, युक्ती नामी आहे. अर्ध्या तासात ग्रुपवर पडलं:

'कालचाच शब्द, पुढील अर्थ. दोन: खरचटणे. श्रद्धा पडली व तिचे कोपर स्क्रेप झाले. तीन: अडचण, लफडे. श्रद्धा एका मोठ्या स्क्रेपमध्ये सापडली.'

दुपार व्हायच्या आत कोंडाण्याहून इको गाडी भरून माणसं अंगणात उतरली. पुढं आनंदीबाई, मागं साईराजच्या दोन आत्या, एकीच्या हातात मलमाची ट्यूब, दुसरीच्या हातात शहाळं. अंगणात मंडपवाला निलेश बांबू रोवत होता. तो पहार टेकून बघत उभा राहिला.

"कुठं पडली पोरगी? हाळदीच्या तोंडावर?" आनंदीबाईंनी श्रद्धाचा हात धरला आणि कोपर उन्हात धरून पाहिलं. दुसरंही पाहिलं. "कायच नाय हितं!"

"मी नाय पडले, आई."

"मंग लफडं कसलं?" एक आत्या म्हणाली.

विलासमामा नेमका तेव्हाच रिक्षातून उतरत होता. "अहो, वाक्यात उपयोग आहे तो! उदाहरण! व्याकरणासाठी तसं लिहायचं असतं!"

"आवो मास्तर, उदाहरनाला तुमाला दुसरी पोरगी नाय मिळाली?" आनंदीबाई कडाडल्या. "म्हंजे हेबी खोटं, तेबी खोटं. टोपाचं तरी खरं का?"

मामा पडला प्रामाणिक माणूस. "ते मात्र खरं. टोप नेताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिली."

दत्ता पडवीत उभा राहून नुसता या पायावरून त्या पायावर होत होता. आणि अशा वेळी आभाळाला तरी अक्कल असावी? घाटमाथ्याकडं, राजमाचीच्या अंगाला, काळे ढग जमले आणि लांबून एक गुरगुर ऐकू आली. सगळ्यांनी आधी वर पाहिलं आणि मग श्रद्धाकडं पाहिलं.

"मालक, वर प्लास्टिक टाकायचं का?" निलेशनं विचारलं.

"प्लास्टिकनं काय व्हतंय?" आनंदीबाई म्हणाल्या. "ह्याला उपाय हाय. माजी सासू सांगायची. ज्यानं खरवड खाल्ली त्यानं तोच टोप पालथा डोक्यावर घ्यायचा, मंडपाला पाच फेऱ्या मारायच्या आनि समद्यांदेखत म्हनायचं, 'पावसा, मी खरवड खाल्ली, परत खानार नाय, माफी कर.' आत्ता करून टाकू. बरं झालं आमी आलो."

रोहिणी मध्ये येऊन उभी राहिली. इतका वेळ ती विहीणबाईंपुढं मान खाली घालून होती, पण आता तिचा आवाज चढला. "मी नाय फिरू देनार. आज टोप घेऊन फिरली की जलमभर तिला खरवडखाऊ म्हनाल. मला म्हनत व्हते. माज्या म्हायेरी मी टोपाला बोट लावलं नव्हतं, तरी म्हनत व्हते! माज्या पोरीला ते नाव मी पडू देनार नाय."

"मंग पावसात लावायचं का लगीन?" आत्या म्हणाली.

"आई, राहू दे गं," श्रद्धा म्हणाली. "पाच फेऱ्यांनी सगळ्यांचं समाधान होत आसंल तर मारते मी." ती आत गेली, टोप घेऊन आली, पालथा करून डोक्यावर ठेवला आणि चालायला लागली. बापाकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं असं दत्ताला वाटलं. लेक टोप सावरत, बांबू चुकवत, ओठ घट्ट मिटून चालत होती. तिच्या हातावर दोन दिवसांनी मेंदी काढायची होती. आपण बाप आहोत की कोण, असं दत्ताला झालं.

पहिली फेरी पुरी व्हायच्या आत तो पडवीतून उडी मारून तिच्या वाटेत उभा राहिला. "दे तो टोप हिकडं."

"पप्पा, जाऊ दे."

"दे म्हनतो ना!" त्यानं टोप काढून घेतला आणि स्वतःच्या डोक्यावर पालथा घातला. तो कानापर्यंत बसला, म्हणून पुढचं बोलणं जरा घुमत आलं. "तिनं खरवड खाल्ली नाय. मी खाल्ली. पर्वाची मी खाल्ली, त्याच्या आधीची मी खाल्ली. पोरीला कधी बोटभर ठेवली नाय मी. पावसा, माफी कर."

टोप सावरायला तो वाकला आणि खिशातून शिंपला निसटून थेट रोहिणीच्या पायाशी पडला. तिनं तो उचलला, उलटापालटा केला आणि नाकाशी नेला. "हा भेगा घासायचा ना?"

दत्तानं डोक्यावरचा टोप आणखी खाली ओढला.

"भेगांना वेलचीचा वास येतोय तुमच्या," रोहिणी म्हणाली. "आनि शपथ? पोरीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली?"

"ती गोडाची व्हती. खरवड कोण गोडात..."

"खरवड काय तुरट असती व्हय?"

तेवढ्यात आनंदीबाईंना हसू फुटलं. पदर तोंडाला लावूनही ते आवरेना. "आवो इवाय, आदी सांगायचं की! पाऊस खानाऱ्याच्या लग्नात पडतो. तुमचं लगीन कवाच झालं. आता पडून पडून पडनार कुठं तो? माजी सून निर्दोष हाय!" त्यांनी श्रद्धाला जवळ घेऊन तिच्या कानशिलांवर बोटं मोडली. आत्यांनी शहाळं फोडलं. निलेशनं पहार उचलली. विलासमामानं दाजींच्या डोक्यावरच्या टोपावर थाप मारली आणि तो टणकन वाजला. दोन दिवसांत पहिल्यांदा दत्ताच्या छातीवरचं ओझं उतरलं. वाटलं होतं त्यापेक्षा फारच स्वस्तात सुटलो, असं त्याला झालं. माणूस सुटला की सैल होतो आणि सैल झाला की बोलतो.

"पन काय वो इवाय, ही सवय कवापासनंची?" आनंदीबाईंनी हसतच विचारलं.

"आवो, ल्हानपनापासनं!" टोप काखेत मारून दत्ता रंगात आला. "आमच्या आईच्या हातची बासुंदी म्हंजे काय सांगू. बासुंदी पावन्यांना, खरवड मला. दुसऱ्या कुनाला टोपाला हात लावू द्यायची नाय ती. स्वतः शिंपला आनून द्यायची. अगदी आमच्या लग्नाच्या आदल्या..."

तिथं त्याची जीभ थांबली. पण दोन शब्द उशीर झाला होता.

"लग्नाच्या आदल्या काय?" रोहिणीनं विचारलं. आवाज अगदी हळू होता.

"काय नाय."

"आपल्या लग्नात पाऊस पडला व्हता."

"पडला व्हता... थोडा."

"मंडप बसला व्हता. तुमच्या आईनं उंबऱ्यावर मला विचारलं, 'खरवड खायाचीस काय गं?' आनि तुमी शेजारी उभे व्हतात. मुंडावळ्या बांधून."

शहाळं पिणाऱ्या आत्या थांबल्या. विलासमामा घसा खाकरून म्हणाला, "खरं सांगायचं तर आमच्या घरी खरवड माझी असायची. रोहिणीला ती कधी मिळालीच नाही."

"मंग मास्तर, तुमच्या लग्नात?" एका आत्यानं विचारलंच.

"माझं हॉलमध्ये झालं," मामा म्हणाला. "बाकी शब्दाचा चौथा अर्थ असा की..."

"दादा, गप बस रं!" रोहिणी म्हणाली. मग ती शिंपला मुठीत धरून घरात निघून गेली. घरातून भांड्याचा आवाजसुद्धा आला नाही. दत्ताला तेच जास्त लागलं.

ढग आले तसे घाटावर निघून गेले. लग्नात थेंब पडला नाही. उलट असं ऊन तापलं की अक्षता टाकताना लोक "येक सर आली असती तर बरं झालं असतं" म्हणत होते. श्रद्धा नांदायला कोंडाण्याला गेली. जाताना तिनं बापाच्या कानात सांगितलं, "पप्पा, आता तुमचं तुमी बघा." दत्ता गाडी वळेपर्यंत लहान पोरासारखा रडला. रोहिणीही रडली, पण वेगळ्या खांबाला टेकून. टोपाच्या त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतं बोलत होती. चहा घ्या, पाणी आलंय, बाजूला व्हा, एवढंच.

दुसऱ्या दिवशी पाहुणेरावळे पांगले. अंगणात उरले ते आचाऱ्याचे भले मोठे टोप. त्यांतल्या भाताच्या टोपाच्या बुडाला करपलेला काळा थर बसलेला. दत्ता कुठं तोंड लपवावं म्हणून मोरीकडं निघाला होता, तेवढ्यात रोहिणीनं तो टोप ओढत आणून त्याच्यापुढं आदळला. शेजारी राख आणि नारळाची शेंडी ठेवली.

"घ्या," ती म्हणाली. "खरवडा."

"शिंपला?"

"शिंपला नाय. शेंडीनं."

दत्ता निमूट फतकल मारून बसला आणि घासायला लागला. कोपरापर्यंत काळा झाला. विलासमामा पडवीत मोबाईल घेऊन बसला होता. तो म्हणाला, "रोहिणी, आज शब्द कुठला टाकू गं?"

"शब्द नको. ह्यांचा फोटो काढ आनि टाक. खाली लिव, 'आमच्या लग्नात पाऊस यांच्यामुळे पडला होता.' माजं नाव लिव."

मामानं लिहिलं. या वेळी उगम, अर्थ काही जोडलं नाही. घटकाभरात कोंडाण्याहून आनंदीबाईंचा टाळ्यांचा मारा आला, आणि गावातल्या ज्या म्हाताऱ्या अजून रोहिणीला कधीमधी खरवडखाऊ म्हणत होत्या, त्यांच्या नातवांनी त्यांना तो फोटो मोठा करून दाखवला.

मग रोहिणी आत गेली आणि बासुंदीचा टोप घेऊन आली. आचाऱ्याला तिनं तो घासू दिला नव्हता. बुडाला तांबूस, केशर लागलेला जाड थर तसाच होता. ती दत्तासमोरच पायरीवर बसली, टोप मांडीवर घेतला आणि कनवटीचा शिंपला काढला. पहिल्यांदा तिला तो नीट धरताच येईना.

"आडवा धर," दत्ताच्या तोंडून गेलं. "आडवा, कडेनं वर."

तिनं आडवा धरला. खरवड अलगद सुटून आली. रोहिणीनं ती तोंडात घातली आणि डोळे मिटले. दत्ता शेंडी हातात धरून बघत राहिला.

"कशी हाय?" त्यानं हळूच विचारलं.

"इतकी वर्सं नाव माजं व्हतं," रोहिणी म्हणाली. "चव आज घेतली."

तिनं दुसरा शिंपला भरला. दत्तानं काळा हात जरासा पुढं केला. "येवढीशी दे की गं."

"तुमाला साखर हाय," रोहिणी म्हणाली आणि बुडापर्यंत सगळा टोप सावकाश, एकटीनं खरवडून खाल्ला.